इनामदार बाईंची चोवीस हृदयं

इनामदार बाईंचं हृदय कधी बिघडलं हे मला मिनिटावर सांगता येतं. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मी त्यांच्यापासून दीड हातावर बसले होते आणि घड्याळ माझ्या हातात होतं.

बाई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. आमच्या इथल्या मराठी मंडळाने स्मरणिकेसाठी चार ओळी मागितल्या, त्या मी लिहून दिल्या. विद्वान, शिस्तप्रिय, निगर्वी. मेलेल्या माणसाबद्दल लिहायचे जे ठरलेले शब्द असतात ते सगळे. छापून आल्यावर वाचले आणि मला माझाच राग आला. बाई निगर्वी कसल्या डोंबलाच्या! स्वतःच्या हाताचा त्यांना एवढा गर्व होता की बोलायची सोय नाही. म्हणून आता जे आहे ते लिहिते.

मी मूळची अकोल्याची. नवरा विमा कंपनीत, त्याची बदली जयपूरला झाली आणि आम्ही वैशाली नगरात बिऱ्हाड थाटलं. तीन महिन्यांत मुलगी "आई, मतलब मला भूकच नाही ना" असलं मराठी बोलायला लागली आणि मी घरात बसून बसून वैतागले. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं. तेवढ्या भांडवलावर एका खाजगी संशोधन संस्थेत मदतनिसाच्या जागेसाठी गेले. समोर एक काटकुळी बाई. केस बारीक कापलेले, अंगावर सांगानेरी छापाची सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. मराठी आहे म्हटल्यावर माझ्या तोंडून आपोआप "बाई" निघालं. दारातला चौकीदार हसला, कारण इथे बाई म्हणजे धुणंभांडी करणारी. पण इनामदार बाई मिरजेच्या. त्यांना ती हाक आवडली. बाकी सगळ्यांच्या त्या मॅडम, माझ्या एकटीच्या बाई.

मुलाखत अशी झालीच नाही. त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे काचेच्या नळ्यांचं एक उभं यंत्र होतं आणि त्याच्या टोकाला बोराएवढं काहीतरी लटकत होतं. लाल, ओलं. आणि ते उडत होतं.

"हे जिवंत आहे?" मी विचारलं.

"उंदीर मेलाय. हे जिवंत आहे. वरून कोमट खारं पाणी येतंय, त्यात प्राणवायू आहे, तेवढ्यावर हे चालतं. आता मी ते पाणी बंद करणार. अर्धा तास. बघवेल?"

"बघवेल."

"मग परत सुरू करणार. ते बघवेल?"

मी म्हटलं, त्यात काय, ते तर चांगलंच की.

"बस मग," बाई म्हणाल्या.

पाणी बंद झाल्यावर ते हृदय हळू झालं, फिकं पडलं आणि थांबलं. वाईट वाटलं, पण बघवलं. अर्ध्या तासाने बाईंनी चावी उघडली. पाणी आत गेलं, रंग परत आला, आणि मग ते असं काही तडफडायला लागलं की मी खुर्चीतून उठलेच. ताल नाही, काही नाही. एक भाग आखडतोय, दुसरा नुसता थरथरतोय.

"बापा!" मी म्हटलं.

"उपाशी होतं तोवर गप पडून होतं. खायला मिळालं आणि मरायला लागलं," बाई म्हणाल्या. "रक्त बंद पडलं की स्नायू मरतो, हे कंपाउंडरलाही ठाऊक असतं. रक्त परत आलं की आणखी थोडा मरतो, हे सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. त्या आणखी थोड्याच्या मागे मी तीस वर्षं आहे. सोमवारपासून ये."

त्यांचं सगळं संशोधन मी पुढे सहा वर्षांत जेवढं समजून घेतलं ते असं. हृदयविकाराचा झटका येतो म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या नसेत गुठळी अडकते. स्नायूला रक्त मिळेनासं होतं, तो आंबतो, त्याच्यात नको ते क्षार साठतात. डॉक्टर नस उघडतात, रक्त धाडकन आत येतं, आणि त्या अर्धमेल्या स्नायूला तो धक्का सोसत नाही. जे तुकडे कदाचित वाचले असते तेही आखडून फुटतात. म्हणून नस उघडूच नये का? तसं म्हणणाऱ्याला बाईंनी फाडून खाल्लं असतं. न उघडली तर सगळाच स्नायू जातो. उघडायचीच, आणि लवकर उघडायची. पण उघडताना पहिली काही मिनिटं थोडं सोडून थोडं थांबवून, दमादमाने रक्त आत घेतलं तर तो शेवटचा घाव कमी बसेल का? एवढाच त्यांचा प्रश्न होता. एवढाच म्हणजे एका माणसाच्या जन्माला पुरेल एवढा.

हे मला कागदावर कधी कळलं नाही. त्यांच्या घरी कळलं. तिलक नगरात तळमजल्यावर त्या एकट्याच राहायच्या. मी एकदा रविवारी डबा घेऊन गेले. दोन दिवस पाणी आलं नव्हतं आणि नेमकं तेव्हा आलं. वरच्या मजल्यावरच्या शर्माजींनी आपला व्हॉल्व पुरा उघडला. पाइपातून आधी हवा, मग गंजाचं लाल पाणी, धाडधाड आवाज, आणि शेवटी त्यांच्या न्हाणीघरातला नळच उडाला. बाई आपल्या व्हॉल्वपाशी उकिडव्या बसून तो पाव फेरा उघडत होत्या, थांबत होत्या, पुन्हा पाव फेरा. वरचा आरडाओरडा ऐकून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ. शर्माजी हृदयरोगतज्ज्ञ झाले असते."

त्यांना दोन प्रश्न विचारायची खोड होती. कुणालाही झटका येऊन गेला असं कळलं की तब्येत कशी आहे हे विचारायच्या आधी, "किती वाजता दुखायला लागलं? आणि किती वाजता उघडली?" मंडळाच्या गणपतीत एक निवृत्त बँक अधिकारी सगळ्यांना सांगत होते, दोन स्टेंट टाकल्या, एकदम नवाकोरा झालो. बाई मोदक खात होत्या. त्यांनी दोन प्रश्न टाकले. गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "पहाटे पाचला दुखायला लागलं. पण मी काही घाबरणारा नाही. आंघोळ, पूजा, नाश्ता, सगळं करून दहाला निघालो."

"पाच तास!" बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की आरतीची तयारी करणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. "अहो, पाच तास काय करत होतात तुम्ही? तुमचा निम्मा स्नायू तुम्ही पूजेत घालवलात."

त्यांची बायको रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मोदक अर्धा ठेवला आणि चप्पल घालून निघून गेल्या. मी मागून धावले आणि म्हटलं, सणासुदीला असं बोलायचं का? म्हणाल्या, "मग कधी बोलायचं? तेराव्याला?"

प्रयोगाच्या खोलीत त्यांचे नियम होते. चहा नाही, फोन नाही, उंदरावर विनोद नाही. हृदय छातीतून काढून नळीवर चढवून पाणी सुरू व्हायला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर ते हृदय बाद, कारण मधल्या वेळात ते आपसूक दुखावतं आणि मग आकड्याला अर्थ राहत नाही. आणि शेवटचा नियम, चालू हृदय सोडून कुणी उठायचं नाही. यंत्रावर काहीतरी जिवंत टांगलंय आणि आपण बाहेर गप्पा मारतोय, हे त्यांना पाप वाटायचं. देव मानत नसत, पण पाप मानत.

तीन मिनिटांच्या नियमाचं मला कधी भय वाटलं नव्हतं, कारण त्यांचा हात. कात्री, बर्फाचं पाणी, चिमटा, नळी, दोऱ्याची गाठ. मी घड्याळ धरून मोठ्याने सेकंद म्हणायचे आणि दीड मिनिट व्हायच्या आत पाणी सुरू. झालं की चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. कौतुक करावं लागायचं. नाही केलं तर दिवसभर घुश्शात.

पण नियमाला त्या किती पक्क्या होत्या ते मी पाहिलं होतं. एक पीएच.डी.ची मुलगी होती, हुशार, गोड. तिने एका हृदयाची वेळ तीन मिनिटं पाच सेकंदांची तीन मिनिटं केली. पाच सेकंद हो! बाईंना कळलं. त्यांनी तिचे तीन महिन्यांचे सगळे आकडे रद्द केले. मुलगी पाया पडली, "मॅडम, बस एक ही था." बाई म्हणाल्या, "ते तुला माहीत. मला कसं माहीत असणार?" ती मुलगी दुसरीकडे गेली. मला तेव्हा वाटलं, ही बाई दगड आहे.

उंदीर सांभाळायला भैरूजी होते. चाकसूकडचे, पन्नाशीचे, मोठ्या मिशा. प्रयोगाचा उंदीर हवाली करताना ते त्याला हात जोडायचे. बाई तेवढा वेळ थांबायच्या, घाई करायच्या नाहीत. दर साली शीतलामातेच्या जत्रेला भैरूजी गावी जायचे. आपल्याकडे श्रावणात शिळासप्तमी असते ना, तसंच इथे होळीनंतर आठवड्याने असतं. आदल्या दिवशी रांधायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, सगळं गार खायचं. भैरूजींची बायको आमच्यासाठी आदल्या संध्याकाळीच डबा पाठवायची, गुळाचे तळलेले पुए, ताकात शिजवलेली राबडी, बाजरीची भाकरी. आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी ते गारच खायचो.

त्या वर्षी चोवीस हृदयांची शेवटची मालिका चालू होती. आठ हृदयांना पाणी बंद करायचंच नाही, आठांना बंद करून एकदम सोडायचं, आठांना दमादमाने सोडायचं. तेवीस झाली होती. चोविसावं दोनदा फसलं, एकदा वीज गेली, एकदा नळीत हवेचा बुडबुडा अडकला. त्या तुकडीतला एकच उंदीर उरला होता. महिनाअखेरीला ती खोली रिकामी करून द्यायची होती, तिथे विद्यार्थ्यांसाठी काहीतरी संगणकाचं येणार होतं. बाईंचं वय झालं होतं, त्यांना दुसरी खोली कुणी देणार नव्हतं. "एवढं एक झालं की मी लिहायला बसते," त्या म्हणाल्या. "मग खोली घ्या नाहीतर चूल मांडा."

जत्रेची इथे सुट्टी असते. इमारतीत आम्ही दोघीच. साडेदहाला आम्ही पुए आणि राबडी खाल्ली. पावणेअकराला बाईंनी हातमोजे घातले.

छाती उघडेपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. मग मी सेकंद म्हणायला लागले आणि मिनिट उलटलं तरी हृदय नळीवर चढेना. बाईंच्या चिमट्यातून ते सुटत होतं. असं मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. दोन मिनिटं झाली. गाठ बसेना. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. अडीच मिनिटांनंतर मी मोठ्याने म्हणायचं बंद केलं. का ते नका विचारू. शेवटी गाठ बसली, पाणी सुरू झालं, हृदय उडायला लागलं. मी घड्याळ दाबलं. तीन मिनिटं वीस सेकंद.

"किती?" बाईंनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. हात गेला की काय, याची.

"दोन पन्नास," मी म्हटलं.

आणि वहीत लिहिलं.

मला दया आली, दुसरं काही नाही. एकच उंदीर, एकच खोली, छत्तीस वर्षं. वीस सेकंदांनी असं काय आभाळ कोसळणार होतं?

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी डाव्या हाताने टेबल धरलं. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, "काही नाही गं, ते गार पुए बाधले. घशाशी आलंय. आणि ही दाढ." हनुवटीखाली बोटाने दाबत होत्या. मला डॉक्टरकी येत नाही, पण त्यांच्याबरोबर राहून दाढदुखी कशाची असू शकते एवढं मला माहीत होतं. आणि मला माहीत होतं तर त्यांना नसेल?

"बाई, उठा. दवाखान्यात जाऊ."

"चालू हृदय सोडून?"

साडेअकराला त्यांनी पाणी बंद केलं. बाराला दमादमाने सुरू केलं. दहा सेकंद सोड, दहा सेकंद थांब. चावीवर त्यांचा हात होता आणि तो हात आता चुकत नव्हता. कसा ते देव जाणे. पदर भिजून पाठीला चिकटला होता. त्यानंतर दोन तास नुसतं बघत बसायचं आणि आकडे लिहायचे. मी हात जोडले. मी ओरडले. "बाई, हे ॲसिडिटीचं नाही!" त्या म्हणाल्या, "दोन तास. मग तू म्हणशील तिथे येते. ओरडू नकोस, आकडा चुकेल." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या गणपतीतल्या गृहस्थांनी निदान देवाची पूजा तरी केली होती.

मी माझ्या फोनकडे बघत होते. ॲम्ब्युलन्स बोलवायला काय लागतं? पण सहा वर्षं ज्या माणसाच्या शब्दाबाहेर आपण गेलो नाही, त्याला खुर्चीतून ओढून कसं काढायचं ते मला कळेना. हे मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरंही आहे. पण पुरं नाही. साडेबाराच्या सुमारास माझ्या मनात आलं होतं की एकच वाक्य पुरे आहे. "बाई, हे हृदय बाद आहे, तीन मिनिटं वीस सेकंद लागली होती." ऐकल्याबरोबर त्या उठल्या असत्या. नियमात न बसणाऱ्या हृदयासाठी त्या एक मिनिट बसल्या नसत्या. त्यांना उठवायची किल्ली माझ्या तोंडात होती आणि मी ते उघडलं नाही. माझं खोटं उघडं पडेल म्हणून. त्या मुलीसारखं मलाही घालवतील म्हणून. असं म्हणतात की जिवावर बेतलं की माणूस खरं बोलतो. माझ्या जिवावर बेतलं नव्हतं ना!

दोन वाजता हृदय उतरवून फ्रीजरमध्ये ठेवलं, वहीत शेवटचा आकडा लिहिला, आणि मग बाई उठल्या. उठल्या म्हणजे उठायला गेल्या आणि माझ्या अंगावर आल्या.

हृदयरोगाच्या रुग्णालयात जो तरुण डॉक्टर होता तो बाईंचाच विद्यार्थी निघाला. त्याने पळापळ केली, एक क्षण वाया घालवला नाही. पण आत न्यायच्या आधी त्याने मला विचारलं, "कितने बजे शुरू हुआ?" मी म्हटलं, ग्यारह दस. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. "आप लोग कर क्या रहे थे?"

तासाभराने तो बाहेर आला. नस उघडली, म्हणाला. नस उघडल्यावर ताल बिघडला, विजेचा झटका द्यावा लागला. त्याच्या आधी बाई शुद्धीवर होत्या आणि त्याला म्हणाल्या होत्या, "अब देखो, नाचेगा." मोठी नस मोकळी झालीय, पण आतल्या बारीक नसांतून रक्त पुढे सरकत नाहीये, उशीर फार झाला. तो भिंतीला टेकून उभा राहिला. "मॅडम ने ही पढाया था मुझे ये," म्हणाला आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागला. मी त्याच्यासारखं रडू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीने ते चोविसावं हृदय कापलं. त्याच्या चकत्या एका रसायनात ठेवायच्या असतात, जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. जवळजवळ सगळा लाल. कडेला नखाएवढं पांढरं. दमादमाने सोडलेल्या आठांतलं सगळ्यात सुंदर हृदय. मी अतिदक्षता विभागात जाऊन बाईंच्या कानाशी सांगितलं. नाकात नळी, हातात सुया, आणि बाई हसल्या. "बघ," म्हणाल्या, "बसले ते बरं झालं की नाही?"

मी "हो" म्हटलं.

त्या घरी आल्या, पण हृदय निम्म्याहून कमी उरलं होतं. चार पावलं चाललं की धाप. पाय सुजून चपला चढेनात. भैरूजींनी बिचाऱ्यांनी पुए बाधले म्हणून स्वतःला दोष लावून घेतला, मातेचा कोप झाला म्हणून रडले. माझ्याच्याने त्यांनाही खरं सांगवलं नाही. उन्हाळाभर बाई तीन उशांना टेकून बसल्या आणि लिहीत राहिल्या. पान-दीड पान झालं की डोळे मिटायच्या. मग आषाढात एक दिवस फोन आला, "वही घेऊन ये. तक्ता पक्का करायचाय."

वही माझ्याकडे असायची, सहा वर्षं. मी ती घेऊन तिलक नगरला गेले. वाटेत ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, आजारी माणसाला कशाला आणखी ताप. त्यांनी चोविसावं पान उघडलं, "दोन पन्नास"वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी सुद्धा दोन पन्नास. हात काही गेला नव्हता गं माझा." किती खूश होत्या! तिथे माझा बांध फुटला.

"बाई, तीन वीस लागली होती. मी खोटं सांगितलं."

त्यांनी बोट पानावरून उचललं नाही.

"मी तेव्हाच खरं बोलले असते तर तुम्ही तेव्हाच उठला असता," मी म्हटलं. "तीन तास आधी पोचला असता. मी मारलं तुम्हाला."

"ते सोड," बाई म्हणाल्या. हाताने माशी उडवावी तसं त्यांनी ते उडवलं. "मलाही कळत होतं गं मला काय होतंय. दाढ म्हणे! मी बसले, तो माझा प्रश्न. तू मला हे सांग, आणखी किती ठिकाणी?"

"एकाही नाही. आईशपथ एकाही नाही."

"सगळ्या वेळा घड्याळ तुझ्याच हातात होतं ना?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मी पाय तरी धरले असते.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," बाई म्हणाल्या. "एकच असेल. पण तो विश्वास मी छापू कसा? खाली टीप देऊ, घड्याळ धरणारी चांगल्या घरची आहे म्हणून?"

आणि त्यांनी उशाशी ठेवलेली लाल पेन्सिल घेतली. चोविसाव्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मग तेविसाव्या. मग बाविसाव्या. मी म्हटलं, "बाई, नका हो, बाकीची खरी आहेत, पाया पडते." त्यांना दम पुरत नव्हता. अठराव्या पानाला हात थांबला. पेन्सिल माझ्या पुढे केली.

"उरलेली तू मार."

मी मारल्या. काय करणार होते? एकेक पान उलटत, उलट्या क्रमाने, त्यांच्या समोर बसून. प्रत्येक पानावर माझ्या अक्षरात वेळ लिहिलेली, एक तीस, एक पंचवीस, एक अठ्ठावीस, त्यांच्या हाताच्या शर्थीची. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी रेघ सरळ येत होती. दहाव्या पानाच्या पुढे वर पाहिलं तर बाईंना झोप लागली होती, मान एका बाजूला कलली होती. तेव्हा थांबता आलं असतं. मी थांबले नाही. पहिल्या पानापर्यंत सगळ्या रेघा मारल्या.

पाऊण तासाने त्या जाग्या झाल्या. मी पाणी दिलं, ते त्या दोन घोट प्यायल्या. मग वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून चोविसाव्यापर्यंत एकेक पान उलटून तपासलं, मी सगळ्या रेघा मारल्यात का ते. तपासून झालं. मी वही घ्यायला नेहमीसारखा हात पुढे केला. बाईंनी ती मिटली, थोडं वाकून आपल्या उशीखाली सारली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ये आता तू."